उजव्या बाजूचा सिलिंडर

सानदाओ घाटाचा माथा तीन किलोमीटरवर राहिला असताना थोंग पाओहंगची मोटारसायकल मिसिंग करायला लागली. हे त्याच्या कानांआधी मांड्यांना कळलं. चाळीस वर्षांची जुनी फौजी गाडी, तिचे दोन सिलिंडर इंजिनाच्या दोन अंगांना आडवे बाहेर आलेले. दोघांचा ठोका एकसारखा पडत असला की सीटवरच्या माणसाला शांत बैलावर बसल्यासारखं वाटायचं. आता त्यातला एखादा ठोका गळायला लागला. मग एकाआड एक. मग उजवीकडून नुसती फसफस ऐकू यायला लागली आणि सगळा भार एकट्या डाव्यावर आला.

थोंगने पहिला गिअर टाकला, तरी चढावर गाडीचा वेग माणसाच्या चालीवर आला आणि शेवटी ती बंद पडली. उजव्या हाताला जोडलेल्या साइडकारमध्ये दोन रजया आणि मेंढीच्या कातड्याचा कोट यांच्या आत त्याची बायको यूरू बसली होती. बाहेर फक्त डोळे आणि नाक.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. दम घेतेय गाडी."

"घेऊ दे बाई तिला. मला तर तेवढंही जमेना."

ती थट्टेने बोलली, पण खोटं बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी यूरूच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याच्या दवाखान्यात चार चार तास मशीनला लावून तिचं रक्त धुऊन घ्यावं लागे, आणि हाच घाट ओलांडून थोंग तिला नेत असे. गेल्या गुरुवारी बर्फ पडायला लागला तो शनिवारी रात्रीपर्यंत थांबला नाही. शुक्रवार बुडाला. आज सोमवार. सहा दिवसांचं पाणी आणि सहा दिवसांचं विष तिच्या अंगात साठलं होतं. पाय उखळासारखे सुजले होते. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून दोन रात्री ती भिंतीला टेकून बसून होती. काल संध्याकाळपासून ओठांना मुंग्या येत होत्या आणि पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. दवाखान्याची गाडी रविवारी घाटापलीकडच्या पायथ्यापर्यंत येऊन परत गेली होती. मशीनच्या खोलीतली मुख्य परिचारिका शिनबाई फोनवर म्हणाली होती, सोमवारी दहा वाजल्यापासून एक मशीन तुमच्यासाठी धरून ठेवते, पण बारापर्यंतच. त्यानंतर दुसऱ्याची पाळी आहे, आणि तोही मरायलाच टेकलेला असतो.

गावच्या प्रमुखाने ट्रॅक्टर देऊ केला होता. थोंग नको म्हणाला. ट्रॅक्टर उघडा, वजा वीसच्या थंडीत बाई गारठून जाईल, हे कारण खरंच होतं. पण त्यामागे दुसरं एक होतं. पंचवीस वर्षं त्याने सरकारी लाकूडडेपोत मेकॅनिकचं काम केलं होतं, ही गाडी फौजेने मोडीत काढली तेव्हा स्वतः आणून उभी केली होती, आणि दोन वर्षांत एकदाही तिने त्याला रस्त्यात टाकलं नव्हतं. तालुक्याला दवाखान्याजवळ खोली घेऊन राहा असं सगळे सांगत, तेव्हा तो या गाडीकडे बोट दाखवायचा. पहाटे निखाऱ्यांची पाटी इंजिनाखाली सरकवून त्याने तेल पातळ केलं, आणि सात वाजता दोघं निघाली.

आता साडेआठ झाले होते. घाटात बर्फ गुडघाभर होता आणि मधल्या चाकोरीत कोळशाचे ट्रक एकामागे एक उभे होते. पुढच्या वळणावर एक ट्रेलर आडवा झाला होता, त्याच्या बाजूने हातगाडी जाईल एवढीच फट होती. रविवारपासून ड्रायव्हर तिथेच अडकले होते. थोंगची गाडी बंद पडली ती रांगेतल्या पहिल्या ट्रकच्या शेजारी. त्याचा ड्रायव्हर डिझेलच्या टाकीखाली जाळ करत बसला होता. चाळिशीचा, तोंडावर काजळी, कानटोपीची एक बाजू फाटलेली. नाव गंग.

"काका, या म्हातारीला शांतपणे मरू द्यायचं सोडून घाटात आणलंत होय?" गंग म्हणाला. तो गाडीबद्दल बोलत होता. मग त्याची नजर साइडकारमध्ये गेली, आणि त्याने हातातली काडी जाळात टाकून दिली. "काकू आजारी आहेत?"

थोंगने दोन वाक्यांत सांगितलं. गंगने ट्रकच्या केबिनमध्ये बसवायला सांगितलं, तिथे ऊब आहे म्हणाला. पण यूरूला उचलून तीन पायऱ्या वर चढवायचं आणि पुन्हा उतरवायचं, एवढा वेळ थोंगला घालवायचा नव्हता. दहा मिनिटांचं काम आहे, तो म्हणाला.

त्याने मूठभर बर्फ घेऊन डाव्या सिलिंडरवर ठेवला. चर्र आवाज होऊन वाफ उडाली. उजव्यावर ठेवला तर तो हळूहळू विरघळून खाली ओघळला. मेला आहे तो उजवा, यात शंका नव्हती. उजवा सिलिंडर इंजिन आणि साइडकार यांच्या अरुंद बोळात असल्यामुळे त्याला बर्फात गुडघे टेकून खांदा आत घालावा लागला. प्लग काढला. तो काळा आणि पेट्रोलने ओला होता. पेट्रोल येतंय म्हणजे ठिणगी नसणार, असा सरळ हिशेब त्याने केला. प्लग पुसून, तारेला लावून इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला आणि गंगला किक मारायला सांगितली. ठिणगी पडली, चांगली निळी. तरी त्याने दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी बसवले. डावा प्लग उजवीकडे येऊनही उजवा मेलेलाच.

मग त्याने ठिणगी वाटून देणाऱ्या डबीचं झाकण उघडलं. आत दमटपणा होता. उजव्या तारेच्या टोकाशी पाण्याचा एक थेंबच लटकत होता. थोंगला इतकं बरं वाटलं की त्याने तो थेंब बोटावर घेऊन गंगला दाखवला. डबी मफलरने कोरडी केली, गंगच्या जाळावर धरून गरम केली, बसवली. किक मारली आणि दोन्ही सिलिंडर एका दमात बोलले.

"बघ," तो यूरूला म्हणाला. "एक थेंब पाणी."

"मला सांगतोस होय पाणी काय करतं ते," यूरू म्हणाली.

ट्रेलरच्या बाजूच्या फटीतून गाडी निघाली, तेव्हा चार ड्रायव्हरांनी हात वर केले. पुढचं वळण गेलं. त्यापुढचं गेलं. सहा-सातशे मीटर गाडी बैलासारखी चढली, आणि मग पुन्हा तोच गळलेला ठोका. थोंगने मूठ पिळली, सोडली, परत पिळली. उजवीकडे फसफस, आणि गाडी थांबली. खाली वळणावर गंग उभा राहून बघत होता, तो बर्फातून वर चालत यायला लागला.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. यूरूने विचारलं नाही काय झालं म्हणून. तिने डोळे मिटले होते. थोंगने हातमोजा काढून तिच्या गालाला हात लावला. गाल थंड होता, पण कपाळावर घाम होता, आणि तो घाम त्याला आवडला नाही.

ठिणगी नसेल तर पेट्रोल. दोन्ही बाजूंना एकेक कार्बोरेटर होता. उजव्याचा तळचा वाडगा त्याने सोडवला. बोटं आता लाकडाची झाली होती. स्क्रू हातातून निसटून बर्फात पडला आणि तो शोधताना त्याचे डोळे भरून आले, ते थंडीने की कशाने हे त्याने स्वतःला विचारलं नाही. उजवा डोळा तसाही वर्षभर धुरकट दिसत होता. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. गंग येऊन पोचला आणि त्याने वाकून एका फटक्यात स्क्रू उचलून दिला. वाडग्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा बर्फाचा खडा होता. पेट्रोलमधलं पाणी गोठलेलं. हे बघा, गंग म्हणाला, सापडला चोर. थोंगने वाडगा पुसला, पेट्रोल सोडणारं बारीक भोक, जेट, तोंडाने फुंकून साफ केलं. पेट्रोलने ओठ जळजळले. जोडाजोड झाली आणि गाडी पहिल्या किकेला सुरू झाली, दोन्ही सिलिंडरांवर. गंग मागच्या सीटवर बसत नव्हता, वजन नको म्हणून. तो खांद्याने ढकलत पळायला लागला.

चारशे मीटरही झाले नाहीत.

या वेळी गाडी थांबली तेव्हा थोंग सीटवरून उतरलाच नाही. हँडल धरून समोर बघत राहिला. समोर पांढरा चढ, त्यावर रस्ता कुठला आणि दरी कुठली हे दाखवणारे लाल खांब. माथा दोन किलोमीटरवर. माथ्यापासून पलीकडे सगळा उतार, तिथून गाडी इंजिनाशिवायही घरंगळत गेली असती. त्याच्या मनात आलं की यूरूला पाठीवर घ्यावं. मग त्याने हिशेब केला: तो त्रेसष्टचा, दोन किलोमीटर चढ, गुडघाभर बर्फ. शंभर पावलं. फार तर दोनशे. फोन काढून पाहिला. घाटात रेंज कधीच नसते हे माहीत असून पाहिला.

"थोंग," यूरू म्हणाली. ती त्याला एरवी म्हातारबा म्हणायची. आडनावाने हाक मारली म्हणजे ती भांडत तरी असायची किंवा घाबरलेली तरी. "मला झोप येतेय."

"झोपायचं नाही."

"तू तुझं काम कर ना. मी जरा डोळा लावते."

थोंग गंगकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, हिला बोलतं ठेव. काहीही बोल. शिव्या दे हवं तर. गंग साइडकारशेजारी बर्फात उकिडवा बसला आणि आपल्या बायकोची गाऱ्हाणी सांगायला लागला. ती फोन कशी उचलत नाही, उचलला तर कशी बोलत नाही, बोलली तर कशी थांबत नाही. यूरूने विचारलं, तिला तू शेवटचं नवीन काय घेऊन दिलंस. गंगने कानटोपी खाली ओढली. मग म्हणाला, काकू, तुम्ही झोपा. आणि लगेच, नाही नाही, झोपू नका, सांगतो, एक कुकर घेऊन दिला होता.

थोंग पुन्हा उजव्या सिलिंडरपाशी गुडघ्यावर बसला. प्लग बरा, ठिणगी बरी, तार बरी, पेट्रोल बरं. दोन वेळा चोर सापडला आणि दोन वेळा तो साव निघाला. त्याने परत प्लग काढायला पाना लावला, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. डेपोत असताना असं करणाऱ्या पोरांना तो हाकलून द्यायचा. सुचेना म्हणून पाना फिरवणारा माणूस गाडीचा वैरी, असं म्हणायचा.

"म्हातारबा," यूरूचा आवाज रजईतून आला. शब्द जरा जड येत होते. "तू काय खोलतोस, त्याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही."

"म्हणजे?"

"माझा डावा पाय या पत्र्याला टेकलेला आहे. सुरू झाली की पत्रा गरम व्हायला लागतो. चांगला गरम झाला की ती मरते. तू अर्धा तास खटपट करतोस, तोवर तो गार होतो. गार झाला की ती परत चालते. तू काहीच केलं नसतंस तरी चालली असती." तिने श्वास घ्यायला थांबून पुढचं वाक्य पुरं केलं. "पहिल्यापासून हेच चाललंय. मला वाटलं तुला माहीत असेल."

थोंग पाना हातात धरून तसाच बसला. मग त्याने पाना ठेवला, प्लग हाताने फिरवून बाहेर काढला आणि प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला. गंगला किक मारायला सांगितली. हळू, पायाने दाबत. पिस्टन वर आला की आतली हवा अंगठा उडवून लावते, लावलीच पाहिजे. उजव्या भोकावर अंगठा जागचा हलला नाही. फुस्स झालं, आणि हवा दुसरीकडून, सायलेन्सरच्या बाजूने निघून गेली. डावीकडे जाऊन तोच प्रयोग केला. डाव्याने अंगठा बंदुकीच्या गोळीसारखा उडवला.

व्हॉल्व्ह बंद होत नव्हता. जळका धूर बाहेर सोडणारा उजवा व्हॉल्व्ह गरम झाला की लांबत होता, त्याला लांबायला जागा नव्हती, म्हणून तो उघडाच राहत होता. मंगळवारी निभावलं होतं, पण आज गुडघाभर बर्फातून चढताना इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापत होतं. आणि व्हॉल्व्हच्या शेपटाशी जी केसभर फट ठेवायची असते, ती त्याने स्वतःच्या हाताने आठ दिवसांपूर्वी बुजवली होती.

ती फट ठेवली की गाडी टकटक करते. मशीनवरून उठलं की यूरूचं डोकं ठणकायचं, आणि परतीच्या दोन तासांच्या वाटेत ती टकटक थेट तिच्या कानाशी. एकदाच ती म्हणाली होती, हा सुतार जरा कमी ठोकेल का रे. त्या रविवारी थोंगने दोन्ही बाजूंचे, ही फट राखणारे टॅपेट आवळले. फट मोजायची पोलादी पट्टी घरात होती, पण तिच्यावरचे आकडे त्याला दिसेनात, म्हणून त्याने बोटांच्या अंदाजावर काम केलं. पंचवीस वर्षं मुरलेली बोटं, त्यांना काय मोजमाप हवं. गाडी शिवणयंत्रासारखी गुपचूप चालायला लागली आणि मंगळवारी येताना यूरू वाटेत झोपली, तेव्हा तो मनातून फुशारला होता. म्हणूनच आज सगळं तपासताना त्याने तिथे हात घातला नव्हता. जिथे आपण स्वतः काम केलं, तिथे चूक असेल असं त्याच्या मनाला शिवलंच नाही.

त्याने गंगला विचारलं, तुझे डोळे कसे आहेत. गंग म्हणाला, रात्री दोन मैलांवरून पोलीस दिसतो. मग इकडे ये, थोंग म्हणाला.

सिलिंडरच्या अंगावरचं छोटं झाकण काढलं. आत दोन टॅपेट, प्रत्येकाला एक बोल्ट आणि त्यावर अडकवणारा नट. थोंग दोन पाने धरून बोटांनी चाचपत होता आणि गंग गाल बर्फाला टेकवून मोबाईलच्या उजेडात आत बघत होता. फट आहे का? नाही, अजिबात नाही, गंग म्हणाला, चिकटलेत एकमेकांना. मोजायला काही हवं होतं. गंगच्या खिशात कोळसा तोलल्याची काटापावती होती. थोंगने ती दुमडून दोन पदरी केली, फटीत घातली आणि बोल्ट सैल करत गेला, पावती सरकायला लागेपर्यंत.

"काका, जास्त होईल ही. खडखडेल."

"खडखडू दे," थोंग म्हणाला. "कितीही खडखडू दे."

नट आवळताना त्याच्या हाताला जोर पुरेना. गंगने त्याच्या मुठीवर मूठ ठेवून शेवटचा पिळा दिला. किती वाजले हे थोंगने पाहिलं नाही. यूरू आता विचारल्याशिवाय बोलत नव्हती, आणि विचारल्यावर एका शब्दात बोलत होती.

गाडी सुरू झाली. डबा बडवावा तसा आवाज. ती चढायला लागली, आणि थोंग वाट बघत राहिला, शंभर मीटर, तीनशे, पाचशे. ठोका गळला नाही. पण उजव्याचा जोर डाव्याच्या निम्माही नव्हता. दोन वेळा, तीन वेळा तापून उघडा राहिलेल्या व्हॉल्व्हची कड जळली असणार, हे त्याला कळलं. सरळ चढावर गाडी रडतखडत जात होती. शेवटच्या दोन वळणांवर तेवढंही जमलं नसतं. गंगने खाली तोंड करून, दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारल्या. रांगेतून पाच ड्रायव्हर वळणं सोडून सरळ आडवाटेने वर आले. एकाच्या हातात अजून चहाचा पेला होता. तिघं साइडकारला, दोघं मागे, गंग हँडलच्या बाजूला. थोंग गाडीबरोबर मूठ पिळत चालत होता आणि सहा माणसं बर्फात घसरत, एकमेकांना शिव्या घालत ते सगळं ओझं वर नेत होती. एक जण तोंडावर पडला आणि पडल्या पडल्या म्हणाला, काकू, बऱ्या झालात की मला जेवायला बोलवायचं. यूरूने उत्तर दिलं नाही.

माथ्यावर पोचल्यावर थोंगला त्यांना काही म्हणायचं होतं. गंगने त्याला बोलू न देता सीटवर ढकललं. जा, तो म्हणाला, आणि ब्रेक सांभाळा.

दवाखान्याच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं कमी होती. थोंगने यूरूला उचललं. दोन वर्षांत ती इतकी हलकी झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि सुजेमुळे इतकी जडही. मशीनच्या खोलीच्या दारात शिनबाईने त्याला पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मग यूरूचा चेहरा पाहून घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. डॉक्टरने छातीला तारा लावल्या, कागदावर उमटलेल्या रेघांकडे एकदा पाहिलं आणि लगेच दंडात इंजेक्शन दिलं. मशीन मात्र एकही मोकळं नव्हतं. धरून ठेवलेल्या मशीनवर पाच मिनिटांपूर्वी मा नावाच्या निवृत्त मास्तरांना झोपवलं होतं. सुई अजून टोचायची होती. मास्तरांनी दारातून आत येणारी चाकांची खाट पाहिली, बाही खाली केली आणि चपला शोधायला लागले. शिनबाई म्हणाली, मास्तर, तुमचे पण तीन दिवस झालेत. ते म्हणाले, तीनच झालेत ना.

थोंगला आत येऊ दिलं नाही. हातांना ग्रीस होतं. तो बाहेर बाकावर बसला. मास्तर त्याच्या शेजारी बसले होते, मुलगा न्यायला येईपर्यंत. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला, तेव्हा थोंगला कळलं की आपण रडतोय.

पहिले दोन तास आतून कुणीच बाहेर आलं नाही. एकदा कसला तरी यंत्राचा सूर वाजत राहिला आणि दोन परिचारिका धावत आत गेल्या. थोंगने बाकाची कड धरून ठेवली. सूर थांबला. चार वाजता शिनबाई दारात आली आणि म्हणाली, थोंगकाका, हात धुऊन या. तुम्हाला बोलावतेय. आणि तिला पाणी देऊ नका, मागेल ती.

यूरूने पाणी मागितलंच. नाही म्हटल्यावर तिने विचारलं, गाडीचं काय होतं. थोंगने सांगितलं. सगळं सांगितलं: टॅपेट, बोटांचा अंदाज, पट्टीवरचे न दिसणारे आकडे, आणि त्यामागचा धुरकट डोळा. सांगताना तो तिच्याकडे न बघता नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे बघत होता.

"मी म्हणाले म्हणून आवळलेस?"

"तू म्हणालीस म्हणून नाही. मी आवळले."

"डोळ्याचं कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि या डोळ्यांनी तू मला घाटातून नेत होतास. दोन दोन वेळा आठवड्याला." तिच्या आवाजात राग होता. तो राग ऐकून थोंगला सकाळपासून पहिल्यांदा धीर आला. रागवायला अंगात बळ लागतं. "मी मेले असते तर कळलं पण नसतं मला कशाने मेले ते."

थोंगने तिच्या पायांवरची रजई नीट केली.

तिला आठवडाभर ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी थोंगने गाडी दवाखान्यामागच्या एका गॅरेजमध्ये ढकलत नेली आणि तिथल्या माणसाकडून सिलिंडर उघडून घेतला. स्वतः हात लावला नाही. व्हॉल्व्हची कड उंदराने कुरतडल्यासारखी खाल्ली गेली होती. मिळेल का दुसरा, त्याने विचारलं. माणूस म्हणाला, शोधावा लागेल, महिना लागेल, दोनही लागतील. मग त्याने थोंगला सरळच विचारलं, विकायची का, शहरातले लोक अशा गाड्या हौसेने घेतात. थोंग म्हणाला, बघू. परत येताना त्याने बॉयलरच्या धुराड्याशेजारच्या गल्लीत एक खोली पाहिली. खिडकी भिंतीकडे उघडणारी, झोपायचा गरम ओटा, कांग, नाही, लोखंडी खाट. घरमालकिणीला त्याने हो सांगितलं, आणि हे यूरूला कसं सांगावं याचा विचार करत दवाखान्यात गेला. दोन वर्षं तोच नाही म्हणत आला होता, पण तिनेही कधी हो म्हटलं नव्हतं. तिच्या कोंबड्या होत्या, तिची बहीण तीन घरं सोडून होती.

सांगितल्यावर यूरूने विचारलं, ऊन येतं का. नाही, तो म्हणाला. ती म्हणाली, मग खरं बोलतोयस.

पुढच्या शुक्रवारी दोघं गल्लीतून दवाखान्याकडे चालत निघाली. चारशे पावलांचं अंतर. यूरू तीन वेळा थांबली, दुसऱ्यांदा एका तेलाच्या दुकानाच्या पायरीवर बसली. थोंग पुढे गेला, मागे आला, परत दोन पावलं पुढे गेला.

"कुठे पळतोस?" ती म्हणाली. "बस इथे."

तो बसला. साडेनऊ झाले होते, आणि पाळी दहाची होती.